घरच्या सर्व्हरसाठी कंट्रोल पॅनेल कोणते निवडावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. एका कार्यालयाने मोडीत काढलेला छोटा संगणक गेल्या महिन्यात माझ्या हाती आला. त्यात सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी आहे. पंख्याचा आवाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे तो बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या मागे ठेवला तरी घरच्यांची तक्रार नाही. त्यावर तीन संकेतस्थळे चालवावीत असा विचार आहे. पहिले आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे, जे वर्डप्रेसवर आहे आणि सध्या भाड्याच्या होस्टिंगवर चालते. दुसरी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका, म्हणजे साधी एचटीएमएल पाने आणि पुष्कळशी छायाचित्रे. तिसरी माझी स्वतःची टिपणवही, जी मला बाहेरगावाहूनही उघडता यावी.

भाड्याच्या होस्टिंगवर मी नऊ वर्षे सीपॅनेल हे कंट्रोल पॅनेल, म्हणजे सर्व्हरची कामे ब्राउझरमधल्या बटणांनी करण्याचे साधन, वापरले आहे. डेटाबेस तयार करणे, सबडोमेन काढणे, फाइल मॅनेजरमधून झिप उलगडणे एवढे मला सरावाने येते. लिनक्सच्या काळ्या पडद्याशी माझी ओळख मात्र जुजबी आहे. आज्ञा चिकटवतो, निम्म्या समजतात. म्हणून सीपॅनेलसारखेच, पण फुकट आणि घरी चालणारे पॅनेल शोधू लागलो, तर व्हर्च्युअलमिन, हेस्टिया, आयएसपीकॉन्फिग, सायबरपॅनेल, क्लाउडपॅनेल, युनोहोस्ट अशी नावांची माळच लागली. प्रत्येकाच्या पानावर तेच सर्वांत सोपे आणि सर्वांत वेगवान असल्याचे लिहिलेले आहे. ज्यांनी यांपैकी एखादे घरी, स्वतःच्या जोडणीवर, निदान वर्षभर चालवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. ईमेलही याच यंत्रावर आणता आला तर वाचनालयाचा तोही खर्च वाचेल.

रात्रपाळी

पॅनेलची चर्चा करण्यापूर्वी एक तपासणी करा, कारण तिच्या उत्तरावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. तुमच्या राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरच्या बाजूने, म्हणजे वॅनवर, कोणता आयपी पत्ता मिळाला आहे ते पाहा. मग एखाद्या 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही एकच असतील तर उत्तम. वेगळे असतील, आणि विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ पत्ते कमी पडू लागल्यामुळे पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, आणि त्यासाठीच हा पट्टा २०१२ मध्ये वेगळा राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीवर तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची दारे, उघडले तरी बाहेरून आलेली मागणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. ती पुरवठादाराच्या यंत्रावरच थांबते.

मी हे आधी सांगतो आहे कारण पॅनेल बसवून झाले, पान घरात उघडले, आनंद झाला, आणि मग चार दिवस बाहेरून का उघडत नाही म्हणून पॅनेलला दोष देत बसले, असे बहुतेकांचे होते. माझेही झाले होते.

कृष्णाकाठ

आपण म्हणता तसेच निघाले. राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होतो आणि दुसरा आकडा ७२ आहे. पुरवठादाराच्या स्थानिक कार्यालयात फोन केला, तर समोरच्या मुलाने प्रथम 'तुम्ही कॅमेरे लावले आहेत का' असे विचारले. घरी सर्व्हर ठेवायचा आहे म्हटल्यावर त्याने वरिष्ठांना विचारतो असे सांगितले. वार्षिक शुल्क भरल्यास स्थिर आयपी मिळू शकतो असे कळले आहे. घ्यावा का?

सातासमुद्रापार

मिळत असेल तर घ्या, त्याने पुढची पुष्कळ वळणे टळतात. मी जर्मनीत राहतो आणि इथेही केबलच्या अनेक जोडण्यांवर तुम्हाला स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही. आयपीव्ही६ मिळतो आणि जुने जाळे पुरवठादाराच्या सामाईक पत्त्यातून जाते. त्यामुळे मी एक छोटा व्हीपीएस, म्हणजे दूरच्या केंद्रातला आभासी सर्व्हर, भाड्याने घेतला आणि घरच्या सर्व्हरपासून त्याच्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीचा एन्क्रिप्ट केलेला बोगदा काढला. पाहुणा व्हीपीएसच्या दारात येतो आणि बोगद्यातून घरी पोचतो. एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र घरच्याच यंत्रावर असल्यामुळे मधल्या यंत्राला मजकूर वाचता येत नाही. क्लाउडफ्लेअर टनेलची वाट याहून सोपी आहे आणि त्यासाठी स्थिर आयपी लागत नाही, मात्र तिथे एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उलगडते, हे मान्य असेल तरच त्या वाटेने जावे.

या मांडणीत मला एक धडा मिळाला तो इथे नोंदवून ठेवतो, कारण पॅनेलशी त्याचा थेट संबंध आहे. बहुतेक पॅनेले बसवतानाच फेल२बॅनही बसवतात. चुकीचे पासवर्ड वारंवार देणाऱ्या पत्त्याला ते काही काळ बंदी घालते. माझ्या व्हीपीएसवर मी पत्ता बदलून पुढे पाठवण्याचा, म्हणजे मास्करेडचा, नियम लिहिला होता. त्यामुळे घरच्या सर्व्हरला जगातला प्रत्येक पाहुणा एकाच पत्त्यावरून, बोगद्याच्या दुसऱ्या टोकावरून, आलेला दिसत होता. एका रात्री कुठल्याशा यंत्रमानवाने वर्डप्रेसचे दार ठोठावले आणि फेल२बॅनने इमानेइतबारे त्या पत्त्याला, पर्यायाने साऱ्या जगाला, बंदी घातली. घरातून मात्र सगळे व्यवस्थित उघडत होते, म्हणून पुण्याहून आईचा फोन आला तेव्हा मी तिला तिचाच राउटर बंद करून पुन्हा चालू करायला लावला. शेवटी मास्करेड काढून परतीची वाहतूक बोगद्यातूनच जाईल असे मार्ग लिहिले, तेव्हा खरे पत्ते दिसू लागले. एचएप्रॉक्सी आणि प्रॉक्सी प्रोटोकॉल वापरूनही हे साधते.

जुना_जाणता

कृष्णाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नातील दोन गोष्टींवर फुली मारतो.

पहिली सीपॅनेल. फुकटचे नकोच, ओळखीचेच विकत घेऊ, असा विचार उद्या मनात आला तर तो काढून टाका. जून २०१९ मध्ये त्यांनी सर्व्हरमागे एक परवाना ही पद्धत सोडून खात्यांच्या संख्येनुसार आकारणी सुरू केली, आणि होस्टिंगच्या धंद्यातले कितीतरी लोक तेव्हाच पर्याय शोधू लागले. शिवाय परवाना आयपी पत्त्याला बांधलेला असतो आणि बदलत्या पत्त्यावर तो चालत नाही. ते दुकानदारासाठी बनवलेले साधन आहे. शेकडो गिऱ्हाइके, प्रत्येकाचा कोटा, प्रत्येकाचे बिल. तुमच्याकडे गिऱ्हाईक एकच आहे आणि ते वाचनालय आहे.

दुसरी फुली ईमेलवर. घरच्या जोडणीवरून ईमेल पाठवू नका. पुष्कळ पुरवठादार घरगुती ग्राहकांचा बाहेर जाणारा २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात. तो उघडा मिळाला तरी तुमच्या पत्त्याची उलटी डीएनएस नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून डोमेनचे नाव सांगणारी नोंद, पुरवठादाराच्या हातात असते आणि ती तुमच्या नावाने करून घेणे सोपे नाही. त्यातून स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या एका यादीत घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे नोंदलेले असतात, तुमचा काही गुन्हा नसला तरी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केले. वाचनालयाच्या सभेचे निमंत्रण सभासदांच्या स्पॅममध्ये पडून सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, तर खर्च वाचल्याचे समाधान टिकणार नाही. ईमेल बाहेरच ठेवा आणि वर्डप्रेसमधून जाणारी पत्रे त्याच बाहेरच्या सेवेच्या एसएमटीपीमार्फत पाठवा.

ईमेल वगळला की पॅनेलची निवड निम्म्याने सोपी होते. एक्झिम किंवा पोस्टफिक्स, डव्हकॉट, स्पॅमअसॅसिन, क्लॅमएव्ही हा ईमेल चालवणाऱ्या आणि तपासणाऱ्या प्रणालींचा सगळा गोतावळा बसवायलाच नको. एकटे क्लॅमएव्ही आपल्या विषाणूंच्या खुणा सांभाळण्यासाठी १ जीबीहून अधिक रॅम अडवून बसते.

अबोली

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. पॅनेल नेमके कोणासाठी हवे आहे? वाचनालयाच्या ग्रंथपाल नवीन पुस्तकांची यादी टाकणार असतील तर त्या वर्डप्रेसमध्ये जातील, पॅनेलमध्ये नव्हे. स्मरणिकेची छायाचित्रे चढवणाऱ्याला फाइली पाठवण्यापुरते एक एसएफटीपी खाते पुरेल. टिपणवही तुमची एकट्याची आहे. म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी पॅनेल बसवायचे, त्यांतले कोणीही त्या पानावर येणारच नाही.

मी स्वतः घरी पॅनेल ठेवलेले नाही. कॅडी नावाचा वेब सर्व्हर आहे. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी तीन-चार ओळी लिहिल्या की लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचे प्रमाणपत्र तो स्वतः आणतो आणि मुदतीपूर्वी नवे करतो. बाकीचे डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रणाली आपापल्या वेगळ्या डब्यात. सगळी जुळणी दोन फाइलींत मावते, त्या मी दुसरीकडे ठेवलेल्या आहेत. यंत्र जळाले तर नव्या यंत्रावर तासाभरात पुन्हा उभे राहते. तीन संकेतस्थळांसाठी पॅनेल म्हणजे दोन माणसांच्या चहासाठी लग्नातले पातेले काढण्यासारखे वाटते मला.

कृष्णाकाठ

अबोलीताई, तुमच्या प्रश्नाने मला दोन दिवस गप्प केले. खरे उत्तर असे आहे की पॅनेल मलाच हवे आहे, पण आजच्या मला नव्हे. आज मी उत्साहात आहे, वाचून वाचून सगळे करीन. सहा महिन्यांनी वाचनालयाचे पान बंद पडेल तेव्हा मी कोणती फाइल कुठे लिहिली होती हे मला आठवणार नाही. भाड्याच्या होस्टिंगवर निदान सगळी बटणे नेहमीच्या जागी होती. आणि मी महिनाभर मुलीकडे गेलो तर माझ्या पुतण्याला फोनवरून 'डावीकडचे तिसरे बटण दाब' एवढेच सांगता येईल. तीन ओळींच्या फाइलमधला एक कंस कुठे राहिला हे फोनवर सांगणे मला जमायचे नाही.

अबोली

हे कारण मला पटते, माझा आक्षेप मागे. मात्र मग कसोटीही त्याप्रमाणे बदला. पॅनेलची बटणे किती सुंदर आहेत यापेक्षा त्याने मागे काय लिहिले आहे ते पॅनेल बंद असतानाही वाचता येते का, आणि उद्या पॅनेल काढून टाकले तर संकेतस्थळे चालू राहतात का, हे पाहा.

रात्रपाळी

अबोलीताईंनी दिलेली कसोटी लावूनच एकेक पाहतो. यांपैकी तीन मी कामावर आणि घरी मिळून बराच काळ वापरली आहेत, उरलेल्यांविषयी थोडक्यात लिहितो.

व्हर्च्युअलमिन हे वेबमिन या सर्व्हर सांभाळण्याच्या साधनावर उभे आहे आणि वेबमिन १९९७ पासूनचे, पर्लमध्ये लिहिलेले. दिसायला ते आजही थोडे सरकारी अर्जासारखे आहे, इतके रकाने की नवखा माणूस घाबरतो. पण त्याचा एक गुण इतरांत क्वचित आढळतो. ते स्वतःची वेगळी कोठी ठेवून त्यातून फाइली छापत नाही, तर अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), क्रॉन (ठरल्या वेळी कामे करणारी सेवा) यांच्या मूळ फाइली वाचते आणि त्यांतच बदल करते. तुम्ही हाताने एखादी ओळ घातली तर ती पुढच्या वेळी पॅनेलमध्ये दिसते आणि तुमच्या शेऱ्यांसकट तिथेच राहते. पॅनेलची सेवा थांबवली तरी संकेतस्थळांना त्याचा पत्ताही लागत नाही. बसवताना 'मिनिमल' हा पर्याय दिला की ईमेलचा बहुतेक गोतावळा येत नाही.

हेस्टिया हे व्हेस्टा या पॅनेलची फुटून निघालेली शाखा आहे. डेबियन आणि उबंटूवरच चालते. पडदा स्वच्छ आहे, सीपॅनेलवरून येणाऱ्याला एका दिवसात सवय होईल. पुढे एंजिनेक्स हा वेब सर्व्हर आणि मागे अपाची, किंवा नुसते एंजिनेक्स आणि पीएचपी-एफपीएम, असे दोन्ही चालते, आणि बसवतानाच ईमेल व डीएनएस नको म्हणता येते. प्रत्येक वापरकर्त्याचा साठा (बॅकअप) एकाच फाइलमध्ये बांधला जातो आणि दुसऱ्या हेस्टियावर तो जसाच्या तसा उलगडतो, ही सोय फार मोलाची आहे. मात्र त्याचा स्वभाव व्हर्च्युअलमिनच्या उलट आहे. ते साच्यांवरून फाइली छापते. तुम्ही छापलेल्या फाइलीत हाताने दुरुस्ती केली तर पुढच्या वेळी छपाई होताना ती पुसली जाते. मूळ साच्यात दुरुस्ती केली तर अद्ययावत आवृत्ती येताना ती जाऊ शकते. स्वतःच्या नावाचा वेगळा साचा करून तो संकेतस्थळाला लावणे हीच योग्य वाट, आणि ती शिकायला फार वेळ लागत नाही.

युनोहोस्टचा विचार सर्वस्वी वेगळा आहे. २०१२ पासून चालत आलेला हा प्रकल्प मुळात घरच्याच सर्व्हरसाठी आहे, होस्टिंगच्या दुकानासाठी नाही. डेबियनवर बसते, यादीतून वर्डप्रेस, नेक्स्टक्लाउड वगैरे निवडायचे, एकाच नावाने सगळीकडे प्रवेश मिळतो. तुमच्या टिपणवहीला ते फार शोभेल. पण त्याची जुळणी त्याच्या पद्धतीनेच करावी लागते. हाताने काही बदलले की पुढच्या श्रेणीवाढीच्या वेळी तंटा होतो. ज्याला आत डोकवायचेच नाही त्याने हेच घ्यावे.

आयएसपीकॉन्फिग अनेक सर्व्हर एका ठिकाणाहून हाताळणाऱ्यांसाठी उत्तम आहे, तुम्हाला त्याची गरज नाही. क्लाउडपॅनेल हलके आणि वेगवान आहे, ईमेल त्यात नाहीच. कॉकपिट हे पॅनेल म्हणून सुचवले जाते, पण ते यंत्राची तब्येत दाखवते, संकेतस्थळे मांडत नाही.

आता सुरक्षिततेविषयी, आणि इथे मी थोडा लांबट लिहिणार आहे. पॅनेल म्हणजे ब्राउझरमधून मिळणारा रूटचा, म्हणजे यंत्रावरचा संपूर्ण, अधिकार. वर्डप्रेसमध्ये भोक पडले तर एक संकेतस्थळ जाते, पॅनेलमध्ये पडले तर यंत्र जाते. आणि भोके पडली आहेत, चांगल्या नावांना पडली आहेत. २०१८ मध्ये व्हेस्टाच्या बसवण्याच्या स्क्रिप्टमध्येच कोणी फेरफार करून ठेवला होता, त्यामुळे नव्याने बसवणाऱ्यांचे पासवर्ड बाहेर जात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये वेबमिनच्या काही आवृत्त्यांत चोरदार सापडले. ते मूळ कोडमध्ये नव्हते, आवृत्ती बांधणाऱ्या यंत्रात घुसून घातलेले होते, आणि १.९३० मध्ये ते काढले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलमधील त्रुटीचा फायदा घेऊन खंडणीखोरांनी हल्ला केला, तेव्हा सुमारे २२ हजार सर्व्हरांची पॅनेले इंटरनेटवर उघडी होती. यावरून 'अमुक पॅनेल वाईट' असा निष्कर्ष मी काढत नाही. या तिन्ही प्रकल्पांनी दुरुस्त्या केल्या. पण ज्याचे पॅनेल फक्त घरातल्या जाळ्यातून उघडत होते, त्याच्यापर्यंत २०२४ चा तो हल्ला पोचूच शकला नाही.

म्हणून राउटरमध्ये ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट सर्व्हरकडे वळवा. हेस्टियाचा ८०८३ असो वा वेबमिनचा १००००, तो बाहेर उघडायचा नाही, 'फक्त दोन दिवसांसाठी' सुद्धा नाही. बाहेरगावाहून पॅनेल हवेच असेल तर वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट उघडा आणि फोनवरून आधी घरच्या जाळ्यात या, मग पॅनेल उघडा. पुतण्यालाही तीच किल्ली देता येईल.

वाशिष्ठी

रात्रपाळी यांच्या लिखाणात भर घालण्यासारखे माझ्याकडे पॅनेलविषयी काही नाही, मी हेस्टिया तीन वर्षे वापरतो आणि समाधानी आहे. विजेविषयी मात्र लिहितो, कारण कोकणातल्या पावसाळ्याने मला ते शिकवले.

असा छोटा संगणक रिकामा असताना साधारण १० वॅट घेतो असे धरले तर वर्षाला ८७.६ युनिट होतात. तो खर्च फारसा नाही. खरा त्रास वीज जाण्याचा आणि त्याहूनही परत येण्याचा आहे. बायोसमध्ये वीज परतल्यावर यंत्राने आपोआप चालू व्हावे असा पर्याय असतो, तो आजच लावून ठेवा. इन्व्हर्टरवर सर्व्हर घेतलात तर राउटर आणि फायबरची डबी हेही घ्या. माझा सर्व्हर पहिल्या वर्षी अंधारात दिमाखाने चालू होता आणि त्याच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. यूपीएस यूएसबीने जोडता आला तर नट ही प्रणाली बॅटरी संपत आल्यावर यंत्र रीतसर बंद करते.

दुसरे साठ्याविषयी. पॅनेल रोज रात्री साठा घेते आणि तो त्याच एसएसडीवर ठेवते. तो साठा नव्हे, ती त्याच घरातली दुसरी खोली आहे. आमच्या चिपळुणात जुलै २०२१ च्या पुरानंतर हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मी रेस्टिक या साठा घेण्याच्या साधनाने रोज पहाटे भावाच्या घरी, दुसऱ्या शहरात, एन्क्रिप्ट केलेली प्रत पाठवतो. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत एका आभासी यंत्रावर उलगडून पाहतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा फाइली सगळ्या होत्या, डेटाबेस एकही नव्हता.

जुना_जाणता

वाशिष्ठी यांचे शेवटचे वाक्य चौकटीत छापून लावावे असे आहे.

कृष्णाकाठ, कार्यकारी प्रणाली निवडताना ती किती वर्षे सांभाळली जाणार आहे ते पाहा. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी, जाहीर केल्यापेक्षा कितीतरी आधी, संपवला गेला आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी संपला. जुन्या लेखांत 'आधी सेंटओएस बसवा' असे दिसले तर तो लेख तिथेच मिटवा. आणि कोणतेही पॅनेल कोऱ्या प्रणालीवरच बसवा. आधी हाताने अपाची बसवून, मग वर पॅनेल चढवले की दोघांचे भांडण तुम्हाला सोडवावे लागते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच आठवड्यांनी वृत्तांत द्यायला आलो आहे.

स्थिर आयपी मिळाला. २५ क्रमांकाचा पोर्ट बंदच आहे आणि आता त्याचे मला सोयरसुतक नाही. यंत्रावर डेबियन १२ घालून त्यात दोन आभासी यंत्रे केली, एकावर हेस्टिया आणि दुसऱ्यावर व्हर्च्युअलमिनचा मिनिमल संच. वाचनालयाच्या संकेतस्थळाची प्रत दोन्हीकडे आठवडाभर चालवली.

पहिल्या दिवशी हेस्टियाने मन जिंकले. डोमेन, डेटाबेस, प्रमाणपत्र हे सगळे अर्ध्या तासात झाले. व्हर्च्युअलमिनमध्ये तेवढ्याच कामाला दुपार गेली, त्यातला निम्मा वेळ कोणता रकाना रिकामा सोडायचा हे ठरवण्यात. प्रमाणपत्राच्या वेळी तर मी चक्क अडकलो. डोमेनसोबत आणखी काही उपनावांसाठीही मागणी गेली होती, त्यांतल्या एकाची डीएनएस नोंद मी केलेली नव्हती, आणि एक नाव सिद्ध झाले नाही की सगळी मागणीच फेटाळली जाते हे मला माहीत नव्हते. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलो. एका नावासाठी तासाला पाच अपयशी प्रयत्न एवढीच मुभा आहे, ती संपली आणि चहा पिऊन यावे लागले.

चौथ्या दिवशी मात्र पारडे फिरले. स्मरणिकेच्या जुन्या पानांचे पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवण्यासाठी मला काही ओळी घालायच्या होत्या. हेस्टियावर मी त्या सरळ फाइलीत लिहिल्या, दुसऱ्या दिवशी पॅनेलमधून पीएचपीची आवृत्ती बदलली, आणि ओळी गायब. रात्रपाळी यांनी आधीच बजावले होते, तरी माझ्याकडून ते झालेच. व्हर्च्युअलमिनवर त्याच ओळी, वर मी लिहिलेल्या मराठी शेऱ्यासकट, आजही जागेवर आहेत. सहा महिन्यांनंतरच्या मला तो शेरा उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून व्हर्च्युअलमिन ठेवले. मग दोन्ही आभासी यंत्रे पुसून, मूळ यंत्रावर कोऱ्या डेबियनवर ते नव्याने बसवले. साचे शिकायची ज्यांची तयारी आहे त्यांनी हेस्टिया घ्यावे, ते दिसायलाही देखणे आहे.

टिपणवही कॅडीऐवजी त्याच अपाचीच्या मागे ठेवली आहे, अबोलीताई क्षमा करतील. १०००० हा पोर्ट राउटरवर उघडलेला नाही. वायरगार्ड पुतण्याच्या फोनवरही आहे. साठा सध्या मुलीच्या घरी जातो आणि तो एकदा उलगडून पाहिला, डेटाबेस आहेत.

संकेतस्थळ हलवल्याला आठ दिवस झाले. ग्रंथपालांना विचारले, तर काही बदल झाला आहे हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

एक कोडे उरले आहे. वाचनालयाचे पान बाहेरून सर्वांना उघडते, फोनच्या मोबाइल डेटावरून मलाही उघडते, पण घरच्या वायफायवरून उघडत नाही. त्याऐवजी राउटरचे लॉगिन पान येते.

सातासमुद्रापार

याला हेअरपिन म्हणतात. तुमचा फोन घरातून डोमेनचा पत्ता विचारतो, त्याला तुमचा स्थिर सार्वजनिक पत्ता मिळतो, आणि तो राउटरचाच पत्ता असल्यामुळे राउटर ती मागणी स्वतःसाठी आहे असे समजतो. काही राउटर ती परत आत वळवतात, पुष्कळ वळवत नाहीत. राउटरमध्ये 'नॅट लूपबॅक' असा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर घरातल्या डीएनएसमध्ये त्या डोमेनसाठी सर्व्हरचा आतला पत्ता नोंदवा. त्यासाठी त्याच सर्व्हरवर डीएनएसमास्क किंवा पाय-होल यांपैकी एखादा छोटा डीएनएस सर्व्हर बसवता येईल. राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेवेत, डीएनएस म्हणून त्याचा पत्ता द्या.

रात्रपाळी

आणि सर्व्हरचा आतला पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलेल आणि पोर्ट भलत्याच यंत्राकडे वळतील.

कृष्णाकाठ

लूपबॅकचा पर्याय माझ्या राउटरमध्ये नाही. डीएनएसमास्क बसवले, पत्ता राखून ठेवला. लॅपटॉपवर लगेच उघडू लागले. अँड्रॉइड फोनवर तरीही राउटरचेच पान येत होते. शोधल्यावर कळले की फोनच्या सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' या ठिकाणी मीच कधीतरी बाहेरच्या एका सेवेचे नाव भरून ठेवले होते, त्यामुळे फोन घरातल्या डीएनएसला काही विचारतच नव्हता. ते काढले आणि वाचनालयाचे पान फोनवरही उघडले.